ब्रेक दाबताना होणारी थरथर आणि स्टिअरिंगचे वॉबलिंग : गॅरेज गाठण्यापूर्वी दोष कसा ओळखावा

विदर्भातल्या खेड्यांत गाडी वर्षातले बहुतेक दिवस ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या वर जात नाही. वावरापर्यंतची पांदण, तालुक्यापर्यंतचा उखडलेला डांबरी रस्ता आणि प्रत्येक वस्तीजवळचे गतिरोधक यांमुळे त्याहून अधिक वेग घ्यायला वावच मिळत नाही. मग लग्नाच्या किंवा दवाखान्याच्या निमित्ताने तीच गाडी समृद्धी महामार्गावर चढते, काटा ८०-९०च्या पुढे सरकतो आणि स्टिअरिंग हातात हलू लागते. हा दोष त्या दिवशी निर्माण झालेला नसतो. तो कित्येक महिने गाडीत असतो, फक्त तो जाणवण्याइतका वेग तोपर्यंत मिळालेला नसतो.

खेड्यातल्या गाडीमालकाची खरी अडचण त्यानंतर सुरू होते. व्हील बॅलन्सिंगचे (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करण्याचे) यंत्र तालुक्याला किंवा थेट जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि तिथवर जाऊन ‘स्टिअरिंग हलते’ एवढेच सांगितले की बहुतेक ठिकाणी आधी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करून दिले जाते. त्याने फरक पडला नाही तर डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) बदलण्याचा सल्ला मिळतो. अलाइनमेंट बिघडलेली गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने खाते, परंतु केवळ त्यामुळे स्टिअरिंग थरथरणे क्वचितच घडते. दोष नेमका कोणत्या वर्गातला आहे हे घरच्या घरी ठरवता येते. त्यासाठी एक मोकळा सरळ रस्ता, जॅक, पाना आणि सकाळचे दोन तास पुरेसे आहेत.

थरथर येते कुठून

चौदा इंची रिमवर बसणाऱ्या १६५/८० मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर असतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाला ते चाक सेकंदाला सुमारे १३ फेरे घेते. चाकाच्या एका बाजूला वजन जास्त असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का बसतो आणि सेकंदाला दहा ते पंधरा धक्क्यांच्या टप्प्यातच बहुतेक लहान गाड्यांचे पुढचे सस्पेन्शन व स्टिअरिंग सर्वांत सहज हलते. म्हणून बॅलन्सिंगचा दोष साधारणपणे ताशी ८० ते ११० या वेगात ठळक होतो आणि पुष्कळदा त्याच्याही वर गेल्यावर थोडा कमी झाल्यासारखा वाटतो.

जास्तीच्या वजनाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. रिमच्या काठाला फक्त ३० ग्रॅम जास्त असतील तर ताशी ९० च्या वेगात सुमारे साडेतीन किलोचा झटका सेकंदाला तेरा वेळा बसतो. तिथे १०० ग्रॅम असतील तर हाच झटका बारा किलोच्या आसपास जातो. हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण पावसाळ्यात आपल्याकडे रिमच्या आत नेमके काय साचते याचा याच्याशी थेट संबंध आहे.

ब्रेक दाबतानाची थरथर निराळी आहे. डिस्क दोन पॅडच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर तिला चिमटणाऱ्या पट्ट्यांच्या, मधून फिरते. तिची जाडी सगळीकडे सारखी नसेल तर जाड भाग पॅडमध्ये आला की कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या पकडीचा) पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो आणि हा फरक ब्रेक ऑइलमधून पेडलपर्यंत पोहोचतो. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरक पडला तरी चालकाला तो पायाखाली जाणवू शकतो. गॅरेजमध्ये याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात. प्रत्यक्षात वाकलेली डिस्क फार कमी वेळा सापडते. बहुतेक वेळा ती एका जागी झिजलेली असते किंवा तिच्यावर पॅडचे द्रव्य डागांसारखे चिकटलेले असते. या फरकाला महत्त्व आहे, कारण झिजण्याचे मूळ कारण तसेच राहिले तर नवी डिस्कही काही हजार किलोमीटरमध्ये त्याच अवस्थेला येते.

पहिली पायरी : गाडी हलवण्यापूर्वी

चारही चाकांचे नट हाताने पाना लावून तपासावेत. अलीकडे पंक्चर काढले असेल, स्टेपनी लावली असेल किंवा ब्रेकचे काम झाले असेल तर हे सर्वांत आधी करावे. सैल नटामुळे होणारे वॉबलिंग कमी वेगातही येते आणि दर काही किलोमीटरला वाढत जाते. असे होत असेल तर चाचणीच्या मागे न लागता गाडी बाजूला घेऊन नट आवळावेत आणि नटाचे भोक अंडाकृती झालेले नाही ना, हे पाहावे.

त्यानंतर टायर पाहावेत. तळहात टायरच्या बाजूवरून आणि माथ्यावरून सावकाश फिरवावा. तारा बाहेर आलेल्या नाहीत याची खात्री आधी डोळ्यांनी करावी. खड्ड्यात आदळलेल्या टायरच्या बाजूला फुगवटा येतो, तो दिसताच ओळखू येतो. माथ्यावरचा फुगवटा मात्र हातालाच कळतो. आतला स्टीलचा पट्टा रबरापासून सुटला की त्या जागी नक्षी किंचित उंच होते आणि कमी वेगात, अगदी २० ते ४० च्या दरम्यान, गाडी लंगडत चालल्यासारखी डोलते. असा टायर बॅलन्स करून उपयोग नाही आणि त्यावर महामार्गावर जाणे धोक्याचे आहे. तो काढून टाकावा. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार अंक त्याचे वय सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गावात कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर नक्षी शिल्लक असतानाच म्हातारे होतात आणि अकोला, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यातले ४५ अंशांच्या पुढे जाणारे उन्हाळे त्यात भर घालतात.

हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना मोजावा आणि चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवावा. पेरणीच्या दिवसांत गाडी महिनाभर एका जागी उभी होती आणि त्यानंतर थरथर सुरू झाली, असे असेल तर टायरला बसकी जागा पडलेली असू शकते. दहा-पंधरा किलोमीटर चालवल्यावर ती थरथर कमी होत गेली तर काही करण्याची गरज नाही.

दुसरी पायरी : रिमच्या आतली माती

या पायरीवर थोडे थांबणे भाग आहे, कारण आपल्याकडे जूनपासून दिवाळीपर्यंतच्या वॉबलिंगचे सर्वांत स्वस्त कारण इथेच सापडते. काळी माती ओली असताना रिमच्या आतल्या बाजूला लोण्यासारखी चिकटते. गाडी रात्रभर उभी राहिली की ती खालच्या अर्ध्या भागात उतरते, सकाळच्या उन्हात वाळते आणि दगडासारखी घट्ट बसते. बाहेरून गाडी धुतली तरी स्पोकच्या मागचा हा थर तसाच राहतो. मुठीएवढा ढेकळाचा तुकडाही शंभर ग्रॅमच्या कितीतरी पुढे जातो आणि त्याचा जोर वरच्या हिशेबात आलाच आहे.

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पुढच्या चाकाच्या मागून आत हात घालावा आणि रिमच्या आतल्या गोलाईवरून बोटे फिरवावीत. माती लागली तर ती पाण्याने भिजवून लाकडी कामटीने खरवडावी. स्क्रू ड्रायव्हर वापरल्यास आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने निघण्याची भीती असते. जमल्यास चाक काढून धुणे उत्तम. हे करताना वजने कुठे आहेत तेही पाहून ठेवावे. चौकोनी गोंदाचा डाग दिसतो पण वजन दिसत नाही, तर ते पडले आहे आणि त्या चाकाला बॅलन्सिंग लागणार हे तिथेच ठरले.

गाडी नुकतीच घाटातून किंवा महामार्गावरून आली असेल तर डिस्क पूर्ण थंड होईपर्यंत तिच्यावर पाणी मारू नये.

तिसरी पायरी : रस्त्यावरची चाचणी

पहाटेची वेळ निवडावी, रस्ता सरळ आणि मोकळा असावा, शेजारी कोणीतरी वहीत टिपण घ्यायला असावे. जनावरे आणि बंड्या रस्त्यावर येण्यापूर्वी चाचणी उरकावी. ४०, ६०, ८० आणि कायद्याने चालत असेल तिथे १०० अशा प्रत्येक वेगावर थोडा वेळ गाडी स्थिर ठेवावी आणि तीन गोष्टी टिपाव्यात : थरथर किती वेगाला सुरू होते, किती वेगाला थांबते आणि ती स्टिअरिंगमध्ये जाणवते, सीटखाली जाणवते की पेडलमध्ये.

स्टिअरिंगमध्ये जाणवणारा दोष बहुधा पुढच्या चाकांचा असतो, सीटखाली आणि पाठीला जाणवणारा मागच्या चाकांचा. थरथर सुरू असलेल्या वेगात क्लच दाबून इंजिनचे फेरे खाली येऊ द्यावेत. त्याच वेगात थरथर तशीच राहिली तर दोष चाके, टायर किंवा ब्रेककडे आहे. क्लच दाबताच ती गेली तर इंजिन माउंट (इंजिन टेकलेले रबरी आधार) किंवा ड्राइव्ह शाफ्टकडे (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याकडे) पाहावे. चढावर अॅक्सिलरेटर दाबताना गाडी हलते आणि सोडताच शांत होते, हे आतल्या ड्राइव्ह शाफ्ट जॉइंटचे ठळक लक्षण आहे. पऱ्हाटीचे खुंट लागून या जॉइंटचा रबरी बूट फाटला, ग्रीस बाहेर पडले आणि आत माती शिरली की जॉइंट लवकर खलास होतो. म्हणून बूट फाटलेला दिसला तर तो त्याच आठवड्यात बदलून घ्यावा.

आता ब्रेकची चाचणी. मागे कोणी नाही याची खात्री करून ८० च्या वेगावरून पेडल हलकेच दाबत ३० पर्यंत यावे. एकदम जोरात दाबू नये, कारण एबीएस (चाके अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर, विशेषतः गिट्टीवर किंवा ओल्या रस्त्यावर, पेडल धडधडणे हे त्या यंत्रणेचे नेहमीचे काम आहे. ब्रेक नसताना गाडी शांत असेल आणि दाबताच स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरत असेल तर दोष पुढच्या डिस्कचा. फक्त पेडल वरखाली होत असेल आणि स्टिअरिंग स्थिर असेल तर मागच्या ड्रमकडे (मागच्या चाकांच्या डब्यासारख्या गोल ब्रेककडे) संशय न्यावा.

मागच्या ड्रमची खात्री हँडब्रेकने करता येते. हँडब्रेक लिव्हरचा असेल तरच हे करावे. बटणाच्या हँडब्रेकला ही चाचणी नाही. कोरड्या सरळ रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाला लिव्हरचे बटण दाबून धरावे आणि लिव्हर अगदी हळूहळू वर घ्यावा. बटण सोडू नये, म्हणजे चाक सरकू लागताच लिव्हर लगेच खाली आणता येतो. इथे तीच थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही. ओल्या रस्त्यावर किंवा वळणावर ही चाचणी मुळीच करू नये.

चौथी पायरी : चाक उचलून

जॅक कधीही नुसत्या मातीवर लावू नये. आपली काळी जमीन वरून कोरडी दिसली तरी खाली मऊ असते आणि जॅक तिरपा होतो. अंगणात फरशी किंवा काँक्रीट असेल तिथे काम करावे, नसेल तर जॅकखाली जाड लाकडी फळी घ्यावी. समोरच्या चाकांचे काम करताना मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. गाडीखाली जायचे असेल तर जॅकच्या भरवशावर राहू नये, स्टँड लावावा. विटा वापरू नयेत, त्या एकाएकी फुटतात.

चाक हवेत आल्यावर घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी दोन हात ठेवून ते आत-बाहेर हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा गोळीचा सांधा) सैल आहे. यांपैकी कोणता, हे ओळखण्याची एक चांगली युक्ती आहे : दुसऱ्याला ब्रेक पेडल दाबून धरायला सांगावे आणि चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल गेली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट. मग हात ९ आणि ३ वर ठेवून हलवावे. इथली हालचाल टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) किंवा स्टिअरिंग रॅककडे (तो दांडा सरकवणाऱ्या यंत्रणेकडे) बोट दाखवते. टाय रॉडवर बोट ठेवून मदतनिसाला चाक हलवायला लावले की सैल झालेला सांधा बोटाखाली टिकटिकतो. खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग क्षणभर हलून थांबते अशी तक्रार असेल तर या सांध्यांबरोबर लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुशही पाहावेत. सैल सांधे स्वतः थरथर निर्माण करत नाहीत, पण बॅलन्सिंगचा किरकोळ दोष ते कितीतरी पटींनी वाढवून हातापर्यंत आणतात.

रिम वाकली आहे का हे पाहायला यंत्र लागत नाही. एका विटेला जाड तार बांधून तिचे टोक रिमच्या काठापासून काडीभर अंतरावर आणावे आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. तार आणि काठ यांतली फट एका जागी कमी-जास्त होताना स्पष्ट दिसते. तीच तार टायरच्या माथ्यासमोर धरली की टायरचा उंचवटाही दिसतो. लोखंडी रिमचा बाक बहुधा काढता येतो. अलॉयचा काढताना बारीक तडा जाऊ शकतो, म्हणून तो काम जाणणाऱ्याकडेच द्यावा आणि नंतर रिम हवा धरते की नाही हे पाहावे.

दोष कोणत्या चाकात आहे हे कळत नसेल तर पुढची दोन्ही चाके मागे आणि मागची पुढे लावून तोच रस्ता पुन्हा चालवावा. स्टिअरिंगमधली थरथर सीटखाली गेली तर दोष चाक-टायरमध्ये, स्टिअरिंगमध्येच राहिली तर हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग), डिस्क किंवा सांध्यांत. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावे चाक डावीकडेच ठेवावे.

पाचवी पायरी : डिस्क, हब आणि कॅलिपर

चाक काढल्यावर डिस्ककडे उजेडात तिरपे पाहावे. गडद निळसर किंवा काळपट डाग, पॅडच्या आकाराचा ठसा, बोटाच्या नखाला अडणारी कड, यांतले प्रत्येक लक्षण काहीतरी सांगते. पॅडच्या आकाराचा ठसा दोन प्रकारे पडतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना सतत पाय ब्रेकवर ठेवला आणि खाली आल्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी केली, तर पॅडचे द्रव्य त्या एका जागी चिकटते. घाटात गाडी खालच्या गियरमध्ये ठेवणे आणि उतरल्यावर दोन-चार किलोमीटर ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ देणे, एवढ्याने हे टळते. दुसरा प्रकार पावसाळ्यातला : अंगणात उभ्या गाडीची डिस्क गंजते, पण पॅडखालचा भाग गंजत नाही. गंजाचा पातळ थर थोड्या चालवण्याने निघून जातो, खोल गेलेला गंज मात्र थरथर मागे ठेवतो.

डिस्क काढता आली तर तिच्या मागे, हबच्या ज्या तोंडावर ती बसते, तिथला गंज पाहावा. मला या सगळ्या तपासणीतली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वेळा वगळली जाणारी गोष्ट वाटते. हबच्या काठाशी ०.०५ मिलिमीटरचा गंजाचा कण राहिला तरी डिस्कच्या बाहेरच्या काठाशी तो जवळपास दुप्पट होऊन डुलतो. अशी डुलणारी डिस्क पहिल्या दिवशी थरथरत नाही. ब्रेक न दाबताही ती प्रत्येक फेऱ्याला पॅडला एका जागी घासत राहते, तिथे झिजते आणि काही हजार किलोमीटरनंतर जाडीतला फरक पायाला जाणवू लागतो. डिस्क लेथवर टर्निंग करून, म्हणजे खरवडून सपाट करून, आणली, चार महिने बरे गेले आणि थरथर परत आली, यामागे बहुतेक वेळा हबवरचा हाच गंज असतो. वायर ब्रश आणि बारीक पॉलिश पेपरने हबचे तोंड आणि डिस्कची मागची बाजू चकचकीत होईपर्यंत घासावी, कापडाने पुसावी आणि मगच डिस्क बसवावी.

गॅरेजमध्ये डायल गेज असेल तर डिस्क नटांनी घट्ट आवळून तिचे डुलणे मोजून घ्यावे. बहुतेक गाड्यांत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त डुलणे चालत नाही, काहींत मर्यादा ०.०५ आहे. मायक्रोमीटरने गोलाईवर आठ ठिकाणी जाडी मोजावी. डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचावी आणि टर्निंगनंतर जाडी त्याच्या खाली जाणार असेल तर टर्निंग करू नये, डिस्क बदलावी. बदलताना पुढच्या दोन्ही एकाच वेळी बदलाव्यात.

कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. अडकलेली पिन ओळखण्याची खूण म्हणजे आतला आणि बाहेरचा पॅड यांच्या जाडीतला मोठा फरक, आणि ब्रेक फारसा न वापरता चालवल्यावरही एका चाकाची रिम दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागणे. रिमला एकदम हात लावू नये, आधी जवळ धरून धग पाहावी. पिना पुसून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. बेअरिंगसाठी वापरतो ते साधे ग्रीस इथे वापरले की रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते.

नट आवळणे आणि मिस्त्रींना काय सांगावे

महामार्गावरच्या पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने नट ताकदीने आवळतात आणि तेही एकामागून एक. त्यामुळे डिस्क हबवर तिरकी दाबली जाते. नट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. लहान गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरचा जोर लागतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा माहितीपुस्तिकेत असतो. टॉर्क रेंच नसेल तर ४० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर सुमारे २५ किलोचा जोर म्हणजे साधारण १०० न्यूटन-मीटर होतो. पान्यावर उभे राहून आवळू नये.

मिस्त्रींकडे जाताना वहीतले टिपण सोबत न्यावे आणि वाक्य असे असावे : ‘ब्रेक नसताना ८५ ते १०० च्या मध्ये स्टिअरिंग हलते, क्लच दाबून फरक पडत नाही, पुढची चाके मागे टाकली तर थरथर सीटखाली जाते.’ एवढे ऐकल्यावर काम सरळ बॅलन्सिंगपाशी येते. बॅलन्सिंग करताना रिम आधी स्वच्छ करायला आणि जुनी वजने पूर्ण काढून नव्याने मोजायला सांगावे. यंत्रावर चाक फिरत असताना स्वतः समोर उभे राहून रिम डुलते का ते पाहावे. सैल सांधे असतील तर ते आधी बदलावेत, बॅलन्सिंग त्यानंतर आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटी. सैल सांध्यांवर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात बिघडते. एका वेळी एकच काम करून गाडी त्याच रस्त्यावर चालवून पाहावी.

नवीन डिस्क किंवा पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, दोन वेळांच्या मध्ये अर्धा-एक किलोमीटर चालवून डिस्कला वारा लागू द्यावा आणि या काळात गाडी ब्रेक दाबून पूर्ण उभी करू नये. घरी येऊन डिस्क थंड झाल्यावर, आणि पुन्हा ५० ते १०० किलोमीटर चालवल्यानंतर, चाकांचे नट त्याच जोराने तपासावेत.